पावसावरचा कर

लॉस एंजेलिसची नदी तुम्ही बहुतेक पाहिली आहे, फक्त ती नदी आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल. 'टर्मिनेटर २'मध्ये बाइकवरच्या पोराच्या मागे एक अजस्र ट्रक लागतो, ती उतरत्या भिंतींची काँक्रीटची घळ आठवा. किंवा 'ग्रीस'मधली गाड्यांची शर्यत. अशी ठिकाणं या शहरात जागोजागी आहेत आणि ती म्हणजे ५१ मैलांची, साधारण ८२ किलोमीटर लांबीची लॉस एंजेलिस नदी आणि तिला मिळणारे ओढे. वर्षातले बहुतेक दिवस तळाशी पाण्याची एक बारीक रेघ असते. उरलेले काही दिवस तिथे उभं राहायची हिंमत कुणी करू नये.

मी कामानिमित्त तीन वर्षांपूर्वी इथे आलो. डिग्री सिव्हिलची, नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्याकडे यात नवल काही नाही. पण नदीला पूर्ण काँक्रीटचा सदरा घातलेला पाहिल्यावर डिग्री जागी झाली. त्यातच ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं घर घेतलं आणि त्याच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर 'सेफ क्लीन वॉटर' अशी एक ओळ होती. रक्कम शंभर डॉलरच्या आत. हा कर घराच्या किमतीवर नव्हता, जमिनीच्या आकारावरही नव्हता. त्याच्या आवारात जेवढ्या जागेत पावसाचं पाणी जमिनीत मुरू शकत नाही, म्हणजे छप्पर, सिमेंटचा ड्राइव्हवे, फरसबंदी, तेवढ्या जागेवर होता. चौरस फुटाला अडीच सेंट.

तो वैतागला होता. म्हणाला, "आता पावसावरपण टॅक्स!" मला मात्र वाटलं, इतका नेमका कर कुणाला सुचला असेल? शोधायला लागलो, तर गोष्ट थेट १७८१ पर्यंत मागे गेली.

आईपाट

हे शहर वसलं ते नदीमुळेच. टोंग्वा लोकांचं यांगा हे गाव याच नदीकाठी होतं. १७८१ मध्ये स्पॅनिश वसाहत झाली, तेव्हा वसाहतकऱ्यांनी आधी नदीतून एक पाट काढला. त्याचं नाव 'सान्हा माद्रे', म्हणजे आईपाट. शंभराहून जास्त वर्षं गाव त्या पाण्यावर जगलं.

पण ही नदी एका जागी राहणारी नव्हती. डोंगरातून उतरायचं, सपाटीवर पसरायचं आणि मनाला येईल तिथून समुद्राला जायचं, असा तिचा स्वभाव. १८२५ च्या पुराआधी ती पश्चिमेकडे वळून समुद्राला मिळत होती; त्या पुरानंतर दक्षिणेला वळली. उगम ते मुख यात ती सुमारे ८०० फूट उतरते. इतक्या कमी अंतरात इतका उतार म्हणजे पावसाळी दिवसात पाणी वाहत नाही, धावतं.

शहर वाढलं तसं नदीचं पाणी पुरेना. १९०५ मध्ये १५ लाख डॉलरचे आणि १९०७ मध्ये २ कोटी ३० लाख डॉलरचे कर्जरोखे नागरिकांनी मतदानाने मंजूर केले आणि विल्यम मुलहोलंडच्या देखरेखीखाली २३३ मैलांचा जलवाहक बांधून ओवेन्स खोऱ्याचं पाणी १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये शहरात आणलं. त्यापायी ओवेन्स खोरं कोरडं पडलं, ती वेगळी शोकांतिका. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की त्या दिवसापासून शहराच्या डोक्यात पाण्याचे दोन कप्पे झाले. दुरून येतं ते 'पाणी'. डोक्यावर पडतं ती 'आपत्ती'.

दोन उद्दिष्टं, एक पैसा

जलवाहक सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९१४ मध्ये मोठा पूर आला. सुमारे १ कोटी डॉलरचं नुकसान झालं. १९१५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने लॉस एंजेलिस काउंटी पूरनियंत्रण जिल्हा स्थापन केला. या कायद्यात एक गंमत आहे. त्यात पुराच्या पाण्याचं नियंत्रण आणि त्याचं संवर्धन, ही दोन्ही उद्दिष्टं लिहिलेली आहेत. म्हणजे पाणी अडवून मुरवायचं ही आजची 'नवी' कल्पना शंभर वर्षांपूर्वी कायद्याच्या मसुद्यातच होती. जिल्ह्याने डोंगराच्या पायथ्याशी पाणी पसरवून मुरवायची मैदानंही केली. तसली मैदानं अजूनही चालतात आणि दर पावसाळ्यात निमूटपणे काम करतात.

मग काँक्रीट कुठून आलं? उत्तर पैशात आहे.

१९१७ आणि १९२४ मध्ये मतदारांनी पूरनियंत्रणासाठी कर्जरोखे मंजूर केले, दुसऱ्या वेळी तब्बल साडेतीन कोटी डॉलरचे. त्यातला मोठा हिस्सा सॅन गॅब्रिएल नदीवरच्या एका महाकाय धरणासाठी होता. १९२९ मध्ये बांधकामाच्या जागी डोंगराचा कडा सरकला आणि काम गुंडाळावं लागलं. कंत्राटदारांना रद्द कामाचे पैसे दिले गेले. त्यात सिडनी ग्रेव्ह्ज या काउंटी सुपरवायझरने लाच घेतल्याचं सिद्ध झालं आणि त्याला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जावं लागलं. लोकांच्या मतांनी उभा केलेला पैसा असा गेला, की पुढच्या वेळी लोकांकडे मागायला तोंड राहत नाही.

याच सुमारास, १९३० मध्ये, दुसरी एक वाट समोर आली होती. ऑल्मस्टेड आणि बार्थोलोम्यू यांच्या कंपन्यांनी एक आराखडा दिला. नद्यांच्या काठची जमीन मोकळी ठेवा, तिथे बागा करा, पूर आला तर तो बागांमध्ये पसरू द्या, असं त्यात होतं. हा अहवाल ज्या व्यापारी मंडळींच्या समितीने मागवला, त्यांनीच तो बाजूला ठेवला. फक्त २०० प्रती छापल्या गेल्या. काठची जमीन तोवर प्लॉट पाडून विकली जात होती. बागेसाठी ती परत विकत घ्यायची, तर पैसा कुणाचा?

मग १९३४ च्या नववर्षाच्या रात्री ला क्रेसेंटा भागात डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि अनेक माणसं गेली. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेल्या १९३८ च्या पुरात शंभराच्या आसपास माणसं मेली. मधल्या काळात, १९३६ मध्ये, संघराज्य सरकारने पूरनियंत्रण कायदा केला होता. मंदीचे दिवस होते. वॉशिंग्टनहून पैसा येत होता आणि त्यातून बेकारांना काम द्यायचं होतं. लष्कराच्या इंजिनिअरांनी नदी ताब्यात घेतली आणि पुढच्या दोन दशकांत जवळजवळ सगळी काँक्रीटने मढवली.

हा पैसा फुकट नव्हता, त्याला अटी होत्या. त्या कायद्याने एक हिशेब रुजवला: प्रकल्पाचा फायदा खर्चापेक्षा जास्त असला पाहिजे. फायदा म्हणजे काय, तर पुरापासून वाचलेली मालमत्ता. समुद्रात गेलेल्या पाण्याची किंमत त्या तक्त्यात जवळपास शून्य, कारण पाणी तर जलवाहकातून येतच होतं. या हिशेबात सगळ्यात चांगली नदी म्हणजे पाणी सगळ्यात लवकर बाहेर टाकणारी नदी. काँक्रीटची गुळगुळीत घळ हे त्याचं बिनचूक उत्तर आहे. मी रोज बघतो, की टीमला जो आकडा वाढवायला सांगाल तो वाढतो आणि ज्याला तक्त्यात रकाना नाही तो मरतो. तसंच इथे झालं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते काँक्रीट चाललं. १९३८ सारखा मृत्यूचा आकडा मुख्य नदीकाठी पुन्हा दिसला नाही. काँक्रीटला शिव्या घालणं सोपं आहे. ज्या घरातलं माणूस वाहून गेलं, त्यांना ती भिंत सुंदरच दिसली असणार.

गटार म्हणजे काय?

दुसरा रकाना उघडला तो घाणीमुळे. इथे सांडपाण्याचे नळ वेगळे आणि पावसाच्या पाण्याचे वेगळे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पावसाचं पाणी रस्त्यावरचं सगळं घेऊन तसंच समुद्रात: टायरची झीज, ब्रेकमधलं तांबं, तेल, कुत्र्यांची विष्ठा, प्लास्टिक. म्हणून पाऊस पडून गेला की आरोग्य खातं सांगतं, ७२ तास समुद्रात उतरू नका. ज्या शहराची जगभरची ओळख समुद्रकिनाऱ्यामुळे, तिथे ही सूचना.

१९७२ च्या स्वच्छ जल कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि शहरांच्या पावसाळी गटारांना परवाना घेणं सक्तीचं झालं. लॉस एंजेलिस काउंटीला असा पहिला परवाना १९९० मध्ये मिळाला. जबाबदारी आली, पैसा आला नाही. मग कोर्टकचेऱ्या. २००८ मध्ये पर्यावरण संस्थांनी पूरनियंत्रण जिल्ह्यावर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ च्या जानेवारीत तिथे जिल्ह्याच्या बाजूने निकाल लागला: नदीच्या काँक्रीटच्या भागातलं पाणी त्याच नदीच्या खालच्या भागात गेलं, तर त्याला प्रदूषण 'सोडणं' म्हणता येत नाही. पण त्याच वर्षी खालच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या मुद्द्यावर, मोजणीच्या आकड्यांवर बोट ठेवून, जिल्ह्याला जबाबदार धरलंच.

तरी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होताच. इथे कॅलिफोर्नियाचा खास इतिहास आडवा येतो. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' ने मालमत्ता कराला लगाम घातला. १९९६ च्या 'प्रपोझिशन २१८' ने सांगितलं, की मालमत्तेवर नवी फी लावायची तर मतदान घ्या. सवलत फक्त पाणी, सांडपाणी आणि कचरा या तीन सेवांना. सालिनास नावाच्या शहराने पावसाळी गटारांसाठी फी लावली, तेव्हा २००२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: पावसाचं गटार हे या कायद्याच्या अर्थाने 'गटार' नाही. म्हणजे मैल्याच्या नळासाठी नगरपालिका थेट पैसे घेऊ शकते, पण पावसाच्या नळासाठी लोकांपुढे हात जोडून उभं राहायचं. २०१७ मध्ये विधिमंडळाने 'गटार' या शब्दाची व्याख्या बदलणारा कायदा केला, पण तोपर्यंत पंधरा वर्षं गेली होती. एका शब्दाच्या व्याख्येपायी!

लॉस एंजेलिस शहराने २००४ मध्ये दुसरी युक्ती केली. 'प्रपोझिशन ओ' नावाने ५० कोटी डॉलरचे कर्जरोखे मतदानाला ठेवले आणि तीन चतुर्थांश लोकांनी हो म्हटलं. त्यातून एको पार्कचा तलाव उपसून, स्वच्छ करून २०१३ मध्ये पुन्हा उघडला. दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या बसच्या जुन्या यार्डाच्या नऊ एकरांवर पाणथळ बाग झाली. मी तिथे एकदा रविवारी गेलो. आजूबाजूला गोदामं, मधे लव्हाळे, बगळे आणि बाबागाडी ढकलणारी कुटुंबं. रस्त्यावरचं गटाराचं पाणी आधी कचरा अडवणाऱ्या टाक्यांमधून जातं, मग लव्हाळ्यांतून सावकाश फिरतं. या वस्तीत बागा फार कमी आहेत. त्यामुळे गटाराचा प्रकल्प हीच इथली बाग.

कर्जरोख्यांची अडचण वेगळी. त्यातून बांधता येतं, सांभाळता येत नाही. जाळ्या साफ करणं, गाळ काढणं, पंप बदलणं, झाडं जगवणं, याला दरवर्षी पैसा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. उद्घाटनाला सगळे येतात, देखभालीला कुणी येत नाही.

म्हणून २०१३ मध्ये काउंटीने मालमत्तांवर कायमची वार्षिक फी लावायचा प्रयत्न केला. सुनावणीत विरोध इतका झाला, की मंडळाने तो मतदानालाही नेला नाही. शाळांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न: पैसे कशावर खर्च करणार ते नीट सांगा. तो प्रश्न चुकीचा नव्हता.

चौरस फुटाला अडीच सेंट

मधे चार-पाच वर्षं भयंकर दुष्काळ पडला. लोकांनी हिरवळी उपटून निवडुंग लावले. मग २०१७ च्या सुरुवातीला धो धो पाऊस झाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते पाणी काँक्रीटच्या घळीतून समुद्रात गेलं. इथे वर्षाला सरासरी जेमतेम ३७० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि तरी काउंटीचा अंदाज होता, की दरवर्षी १०० अब्ज गॅलन पाणी वाया जातं. आपल्या भाषेत सुमारे १३ टीएमसी, म्हणजे भरलेल्या वरसगाव धरणापेक्षा थोडं जास्तच.

६ नोव्हेंबर २०१८ ला 'मेझर डब्ल्यू' मतदानाला आलं. पास व्हायला दोन तृतीयांश मतं हवी होती. विरोधकांनी त्याला 'रेन टॅक्स' म्हटलं, आणि तुम्हीच सांगा, दोन शब्दांत याहून चांगली थट्टा काय होणार? तरी साधारण ६९ टक्के लोकांनी हो म्हटलं. तीन टक्के इकडचे तिकडे झाले असते, तर बारगळलं असतं.

यात २०१३ पेक्षा काय वेगळं होतं? एक तर मोजमाप. विमानातून घेतलेल्या प्रतिमांवरून प्रत्येक प्लॉटवरचा न मुरणारा भाग मोजला आहे. छप्पर, डांबर, सिमेंट एका बाजूला. माती, गवत, झाडं दुसऱ्या. साध्या घराला सरासरी ८३ डॉलर, मोठ्या मॉलच्या पार्किंगला खूपच जास्त. म्हणजे जो पाणी ढकलतो तो पैसे देतो. गरीब ज्येष्ठांना सूट. पैसा दरवर्षी सुमारे २८ कोटी डॉलर, आणि तो देखभालीलाही वापरता येतो.

दुसरं, वाटणी आधीच लिहिलेली. ४० टक्के त्या त्या नगरपालिकेला, १० टक्के जिल्ह्याला, ५० टक्के मोठ्या प्रादेशिक प्रकल्पांना. प्रादेशिक प्रकल्प निवडायला नऊ पाणलोट क्षेत्रांच्या नऊ समित्या. प्रत्येक प्रस्तावाला ११० पैकी गुण: पाण्याची स्वच्छता ५०, पाण्याचा साठा २५, झाडामातीचा वापर १५, वस्तीला फायदा १०, इतर निधी आणि लोकांचा पाठिंबा १०. साठाच्या खाली गुण तर प्रस्ताव बाद. १९३६ च्या तक्त्यात एकच रकाना होता. या तक्त्यात पाच आहेत.

त्यामुळे बांधकामही बदललं. आता प्रकल्प म्हणजे बऱ्याचदा एखाद्या सार्वजनिक मैदानाखालची मोठी टाकी. जवळच्या गटारातून पाणी वळवायचं, कचरा आणि गाळ वेगळा करायचा, टाकीत साठवायचं, मग मुरवायचं किंवा सावकाश शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचं. वर पोरं बेसबॉल खेळतात.

सगळं छान चाललं आहे असं मुळीच नाही. पैसा जमतो भराभर, प्रकल्प उभे राहतात हळूहळू. ही तक्रार पर्यावरणवालेच करतात. ५० गुण स्वच्छतेला असल्यामुळे पाणी साठवणारे प्रकल्प मागे पडतात, अशीही कुरबुर आहे. सॅन फर्नांडो खोऱ्यात मुरवायचं म्हटलं, तर खाली विमानकारखान्यांच्या काळातली रसायनं भूजलात बसली आहेत. ती काढायचा खर्च निराळा. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट: सरकारी जमिनीला हा कर लागू नाही. त्यामुळे सरकारी शाळांची मैलोगणती डांबरी मैदानं, ज्यांवर उन्हाळ्यात पोरं अक्षरशः भाजतात, हिशेबाबाहेरच राहतात.

रकाना नसलेलं पाणी

हे सगळं वाचताना मला आपल्याकडची बिलं आठवत होती. मुंबई महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर केवढे रकाने असतात: सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. पावसाच्या पाण्याला मात्र स्वतंत्र ओळ नाही. पर्जन्य जलवाहिन्यांचं खातं आहे, पण 'ब्रिमस्टोवॅड'चा अहवाल १९९३ चा आणि केंद्राचे १२०० कोटी मंजूर झाले २००७ मध्ये, २६ जुलैनंतर. पूर आला की पैसा; अगदी १९३८ सारखं.

आणि ज्या कारणासाठी पैसा येतो, तेच बांधलं जातं. हिंदमाताचं पाणी तुंबू नये म्हणून मुंबईने मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या. लॉस एंजेलिससारख्याच. फरक एवढाच, की तिथलं पाणी भरती ओसरेपर्यंत थांबवून मग समुद्राकडे सोडण्यासाठी आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने माणसं नेली. त्यानंतर मागणी आली ती सीमाभिंतींची, आणि त्या लोकांच्या जागी मी असतो तर मीही तीच केली असती.

तरी लॉस एंजेलिसचा हा शंभर वर्षांचा हिशेब मला सांगतो, की भिंत बांधायची का मुरवायचं, हा प्रश्न इंजिनिअरच्या टेबलावर यायच्या आधीच पैशाच्या तक्त्यात सुटलेला असतो. पैसा केवळ पुराच्या दुसऱ्या दिवशी मिळत असेल, तर भिंतच होणार. दरवर्षी थोडा थोडा, छपराच्या मापाने आणि लोकांच्या मताने मिळत असेल, तर बागेचा विचार करायला उसंत मिळते.

सहकाऱ्याने पुढे काय केलं? ड्राइव्हवेचं अर्धं सिमेंट फोडून मधे मातीचा पट्टा केला. करात बचत किती झाली विचारलं तर म्हणाला, "वर्षाला पाच डॉलर." मग स्वतःच हसला आणि म्हणाला, "पण पहिल्यांदा पाऊस पडला ना, तेव्हा मी अर्धा तास बाहेर उभा राहून बघत होतो, पाणी जातं कुठे."